हंगेरीचं शेतकरी घर: बुडापेस्ट, सेंटेंड्रे, पापा, मेझोकोवेश्द

मंगळवार, बुडापेस्ट

हंगेरीतली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून सुरुवात मंगळवारी केली. शहरातल्या लोकजीवन संग्रहालयाची (तिथलं नाव नेप्रॉयझी मूझेउम) नवी इमारत वारोशलिगेत या मोठ्या बागेच्या कडेला आहे. ती २०२२ च्या मे महिन्यात उघडली. १८९६ पासून धावणाऱ्या पिवळ्या मेट्रोने ह्योशोक तेरे स्टेशनला उतरलं की थोडंसंच चालावं लागतं. इमारतीची दोन्ही टोकं जमिनीतून वर उचललेली आहेत, छपरावर बाग आहे आणि संध्याकाळी लोक त्या उतारावर चढून बसतात. निम्म्याहून अधिक भाग जमिनीखाली आहे. बाहेरून धातूची जाळी आहे, सुमारे पाच लाख बारीक चौकोनांची. त्या चौकोनांत संग्रहातल्या भरतकामाचे आणि कोरीवकामाचे नमुने बसवले आहेत. दुपारच्या उन्हात ते नीट दिसत नाहीत. ऊन तिरपं झाल्यावर जाळीकडे बघावं.

जागाही योग्य निवडली आहे. हंगेरियन लोक इथे येऊन हजार वर्षं झाली म्हणून १८९६ मध्ये भरलेल्या सहस्राब्दी प्रदर्शनात याच बागेत २४ घरांचं एक गाव उभारलं होतं, बारा हंगेरियन आणि बारा देशातल्या इतर समाजांची. प्रदर्शन संपल्यावर घरं गेली, पण त्यांतल्या वस्तूंनी या संग्रहालयाचा मोठा पाया घातला. संस्था त्याहूनही जुनी आहे. १८७२ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाचा एक विभाग म्हणून ती सुरू झाली.

आत शिरताना एक गोष्ट मनाशी पक्की असली तर पुढचं सगळं वेगळं दिसतं: हंगेरियन लोककलेची जी रंगीत फुलं आपण पोस्टरवर पाहतो, ती फार जुनी नाहीत. १८४८ मध्ये वेठबिगारी उठली, शेतकऱ्याच्या हाती थोडा पैसा आला, आणि गिरणीत रंगवलेलं सूत व लोकर गावच्या दुकानात मिळू लागली. मग भरतकाम भरगच्च आणि बहुरंगी झालं. त्याआधीचे नमुने बहुधा एका-दोन रंगांचे, लाल किंवा निळे, घरच्या जाड कापडावरचे असतात. त्यामुळे कपाटातल्या प्रत्येक वस्तूची तारीख आधी वाचावी, मग वस्तू बघावी.

मातीच्या भांड्यांना तास-दीड तास द्यावा. मेझोचाट गावचे ‘मिश्का’ नावाचे सुरईसारखे बुधले ओळखणं सोपं आहे: माणसाच्या आकाराचे, हुसार घोडेस्वाराचा पोशाख घातलेले आणि पोटावर साप. थाळ्यांवरची नक्षी कुंचल्याने काढलेली नसते. ‘ईरोका’ नावाच्या मुठीएवढ्या मातीच्या भांड्याला भोक पाडून त्यात हंसाच्या पिसाची नळी बसवतात. त्यातून पातळ रंगीत मातीची धार सोडत रेघ ओढायची. थाळी पूर्ण सुकलेली असून चालत नाही, आणि ओलीही नको. बोटाने दाबली तर वाकू नये, पण थंड लागावी. माती फार पातळ झाली की रेघ पसरते, घट्ट झाली की पिसात अडकते आणि धार तुटून गाठ पडते. कपाटातल्या थाळ्यांवर अशा गाठी नीट पाहिल्या तर सापडतात.

नादुदवार गावची काळी भांडी मात्र रंगवलेली नाहीत आणि त्यांना काचेचा लेपही नाही. लोह असलेली माती, सुकण्याआधी गुळगुळीत गोट्याने घासून काढलेली नक्षी. भाजणं संपत आलं की भट्टीची सगळी तोंडं लिंपून हवा बंद करतात. आत धूर कोंडतो, मातीतल्या लोहातला प्राणवायू निघून जातो आणि भांडं काळं होतं. एखादी फट राहिली तर तेवढा पट्टा लालसर निघतो.

मेंढपाळांचा ‘स्यूर’ हा जाड लोकरी अंगरखा इथला आणखी एक मोठा भाग आहे. तो अंगात घालत नसत, खांद्यावर टाकत. बाह्यांची तोंडं बरेचदा शिवून टाकलेली असत आणि त्यांत तंबाखू, भाकरतुकडा ठेवत. त्यावरचं भरतकाम पुरुष शिंप्यांनी केलेलं आहे, हे फलक न वाचता लक्षात येत नाही. मागणी घालायला आलेला तरुण आपला स्यूर मुलीच्या घरी विसरल्यासारखा ठेवून जाई. सकाळी तो बाहेर ओसरीवर टांगलेला दिसला की नकार समजायचा.

फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांपुढे बहुतेक लोक न थांबता पुढे जातात. थांबावं. लोकगीतं गोळा करणाऱ्या बेला विकार यांनी १८९० च्या दशकातच गावोगाव यंत्र नेऊन गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि बार्तोक व कोदाय या संगीतकारांनी तेच काम पुढे नेलं. एका नळकांड्यावर दोन-तीन मिनिटंच मावतात, म्हणून लांब गाण्यांची पहिली काही कडवीच आपल्यापर्यंत आली आहेत.

बुधवार, सेंटेंड्रेचं स्कान्झेन

बत्त्यानी तेरेहून एच-५ ही उपनगरी गाडी सेंटेंड्रेला पाऊण तासाच्या आत पोचवते. बुडापेस्टचं तिकीट किंवा पास फक्त शहराच्या हद्दीपर्यंत चालतो. पुढच्या टप्प्याचं पूरक तिकीट चढण्याआधी घ्यावं, गाडीत तपासनीस येतात. स्टेशनबाहेरून स्कान्झेनची, म्हणजे जुनी घरं आणून उभारलेल्या खुल्या संग्रहालयाची, बस मिळते. परतीच्या बसची वेळ उतरतानाच बघून ठेवावी, बस फार नाहीत. सोबत टोपी आणि पाणी हवंच. मैदानी गावांच्या भागात सावली अगदी थोडी आहे आणि जुलैत पारा पस्तीसपर्यंत सहज जातो.

हे खुलं संग्रहालय १९६७ मध्ये कालच्याच संस्थेचा विभाग म्हणून सुरू झालं आणि १९७४ मध्ये लोकांसाठी उघडलं. पहिला भाग होता वरच्या तिसा नदीकाठचा, आणि आजही फिरण्याची सुरुवात तिथूनच करावी. मांडचं चर्च, नेमेशबोर्झोवाचा लाकडी घंटामनोरा, वामोशोरोसीची घोड्यावर चालणारी गिरणी हे सगळं जवळजवळ आहे. गिरणीचं छप्पर दुरून मोठ्या शंकूसारखं दिसतं. आत उभ्या खांबाला जोडलेलं प्रचंड लाकडी दातेरी चाक आहे. घोडे खांबाभोवती फिरले की चाक फिरतं, त्याचे दाते शेजारच्या खोलीतल्या छोट्या पिंजऱ्यासारख्या चाकात अडकतात आणि दगड गरागरा फिरतो. मोठ्या चाकाच्या एका फेरीत छोटं कितीतरी वेळा फिरतं, म्हणून घोड्याच्या संथ चालीवरही पीठ निघतं. ताण सगळा त्या लाकडी दात्यांवर येतो. दाते सुटे बसवलेले आहेत ते याचसाठी: एक तुटला तर तेवढाच बदलायचा.

इथली घरं बघताना विचारावं की यातलं मूळ काय आणि नवं काय. लाकडी ओंडक्यांचं घर सुटं करून, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक टाकून हलवता येतं. मातीची भिंत हलवता येत नाही. तुळया, दारं, खिडक्या, कपाटं मूळची आणि भिंत जुन्या पद्धतीने नव्याने उभारलेली, असं बरेचदा असतं. यात कमीपणा नाही. उलट भिंत घालायची पद्धत जिवंत राहिली ती या कामामुळे.

मातीच्या भिंतीच्या तीन तऱ्हा इथे शेजारी शेजारी समजतात. कुडाची भिंत: खांब, वेळूसारख्या फांद्यांची वीण आणि दोन्हीकडून लिंपण. ठोकलेली भिंत: फळ्यांच्या साच्यात ओलसर माती थरांनी टाकून धुम्मसाने ठोकायची. आणि कच्च्या विटांची भिंत, ‘वायोग’: चिकणमातीत भुसा आणि गव्हाचं काड घालून घोड्यांनी किंवा माणसांनी तुडवायचं, लाकडी साच्यात घालायचं, उन्हात उलटसुलट करून वाळवायचं. काड कमी पडलं की वाळताना वीट तडकते. जास्त झालं की उंदीर पोखरतात. पावसाची उडती धार भिंतीच्या पायथ्याला लागते आणि खालून ओल चढते, म्हणून पायथा दरवर्षी लिंपावा लागे. पुरात तर अशी भिंत विरघळतेच. १८७९ च्या मार्चमध्ये तिसाचं पाणी सेगेद शहरात शिरलं तेव्हा ५,७०० हून अधिक घरांपैकी जेमतेम २६५ उभी राहिली.

दुपारी वीज-वाऱ्याचा पाऊस आला आणि हेच सगळं डोळ्यासमोर घडलं. बोरूच्या छपराला पन्हळ नसते. पाणी जाड कडेवरून थेट खाली पडतं, म्हणून छप्पर भिंतीपासून हातभर बाहेर काढलेलं असतं. उतार पंचेचाळीस अंशांहून जास्त असतो. तो कमी असला तर पाणी थरात मुरतं आणि बोरू काही वर्षांत कुजतो. आत ओसरीत उभं राहिलं तर पावसाचा आवाजसुद्धा फारसा येत नाही.

आता घराचा गाभा, म्हणजे ‘केमेंत्से’ ही मातीची मोठी भट्टी. मैदानी प्रदेशातलं घर तीन भागांचं: रस्त्याकडे खोली, मधे स्वयंपाकघर, मागे कोठार. भट्टीचं गोल पोट खोलीत, पण तोंड स्वयंपाकघरात. जाळ घालायचा तिकडून, त्यामुळे धूर खोलीत येत नाही, ऊब मात्र येते. पोटाभोवती बसायला कट्टा, आणि भट्टी व भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात मुलं किंवा म्हातारी माणसं झोपत. स्वयंपाकघरावर उघडं धुराडं: वर बघितलं तर आकाश दिसतं आणि त्याच धुरात डुकराचं मांस टांगलेलं. पश्चिमेकडच्या जुन्या लाकडी घरांत धुराडंच नाही, धूर दाराच्या वरच्या भागातून बाहेर जाई. तुळया डांबरासारख्या काळ्या आहेत आणि आत गेल्यावर कपड्यांना वास लागतो.

मैदानात जंगल नाही. मग जाळायचं काय? गव्हाचं काड, मक्याची ताटं, बोरू आणि गोवऱ्या. पातळ भिंतीची, मोठ्या पोटाची भट्टी याच इंधनासाठी बनली आहे: काडाचा जाळ झटकन पेटतो, झटकन विझतो, आणि त्याची उष्णता मातीच्या पोटाने साठवून ठेवायची असते. भट्टीच्या तोंडाशी कोणीतरी सतत बसून मूठ मूठ काड सारत राहावं लागे, तासभर, कधी त्याहून जास्त.

भाकरी भाजण्याचं काम आठवड्यातून एकदाच, कारण एवढी तयारी रोज परवडत नाही. इथल्या प्रात्यक्षिकातल्या बाईंनी ते क्रमाने सांगितलं. आदल्या संध्याकाळी जपून ठेवलेलं आंबवण, ‘कोवास’, कोमट पाण्यात भिजवून थोड्या पिठात कालवायचं आणि उबेला ठेवायचं. पहाटे त्यात दहा-बारा किलो पीठ, मीठ, पाणी, कुठे कुठे उकडलेला बटाटा. मग लाकडी काथवटीत तासभर मळायचं. कणीक हाताला चिकटणं थांबलं आणि घरातल्या बाईच्या कपाळावर घाम आला की झालं, ही जुनी खूण. तीन ते पाच किलोचे गोळे फडकं घातलेल्या टोपल्यांत फुगवायचे. भट्टीचा निखारा बाजूला ओढून तळ ओल्या झाडूने साफ करायचा आणि आत मूठभर पीठ फेकायचं: लगेच काळं पडलं तर थांबायचं, हळूहळू तांबूस झालं तर गोळे सरकवायचे. घाई केली तर वरचं कवच जळतं आणि आत कच्चं राहतं. उशीर केला तर पाव फुगत नाही, चपटा बसतो. दोन-अडीच तासांनी बाहेर काढून वर पाण्याचा हात फिरवायचा, म्हणजे कवच चकाकतं.

काथवटीला उरलेल्या कणकेचं त्या दिवशी मुलांना लांगोश मिळे, जाळ अजून पेटता असताना भट्टीच्या तोंडाशी भाजलेलं. आज सगळीकडे मिळतं ते तळलेलं. स्कान्झेनमध्ये भट्टीचा प्रकार मिळाला तर तोच घ्यावा, आंबट साय आणि लसूण लावून. शाकाहारी लोकांनी एवढं लक्षात ठेवावं: पोगाचा नावाच्या खाऱ्या बिस्किटासारख्या पावात डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे असू शकतात, आणि पनीर घातलेल्या शेवयांवरही तेच भुरभुरतात. आधी विचारावं. चेरीची किंवा खसखशीची रेतेश ही पातळ पापुद्र्यांची गुंडाळीही विचारूनच खावी, तिच्या पापुद्र्यांना चरबी लावलेली असू शकते.

हेंपचा (भांगेच्या जातीच्या झाडाचा) वाख काढण्याची साधनं एका पडवीत ओळीने लावली आहेत. उन्हाळ्यात उपटलेल्या जुड्या पाण्यात आठ-पंधरा दिवस कुजवायच्या, वरून दगड. पाणी थंड असेल तर दिवस जास्त लागतात. लवकर काढल्या तर आतली काडी सालीला धरून बसते आणि तोडणीच्या लाकडी पात्याखाली वाखासकट तुकडे पडतात. उशिरा काढल्या तर वाखच कमजोर होतो. मग वाळवणं, तोडणं, लोखंडी दात्यांच्या फणीतून ओढणं. लांब वाख शर्टासाठी, आखूड पोत्यांसाठी. सगळा हिवाळा सूतकताई. संध्याकाळी मुली एका घरी कातायला जमत आणि तरुणही तिथेच येत, त्यामुळे सूत गुंडाळायची चाती, कापड धुण्याच्या धोपाटण्या यांवर एवढं कोरीवकाम दिसतं: ती मुलीला द्यायची भेट होती.

मागे राहिली ती दोन खोल्यांच्या घरांतली रस्त्याकडची ‘स्वच्छ खोली’. छतापर्यंत रचलेल्या उशा, फुलं रंगवलेली पेटी, भिंतीवर ओळीने थाळ्या. या खोलीत कोणी राहत नसे. सण, पाहुणे, बाळंतपण, मयत एवढ्यांसाठी ती. सगळं कुटुंब मागच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात दाटीने राहत असे, हे आठवून ती बघावी.

गुरुवार, पापा

बुडापेस्टहून ग्योर मार्गे रेल्वेने पापाला दोन तासांच्या आसपास लागतात. इथे क्लूगे घराण्याने १७८६ मध्ये सुरू केलेला निळ्या छपाईचा कारखाना जागच्या जागी संग्रहालय झाला आहे. कढया, हौद, ठसे, वाळवणीचा माळा, सगळं आपापल्या जागी. २०१८ मध्ये युनेस्कोने ही कला हंगेरीसह पाच देशांच्या नावे अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

भारतीय वाचकाला इथे आणखी एक धागा दिसतो. सतराव्या-अठराव्या शतकात कंपन्यांनी नेलेल्या भारतीय छिटाच्या कापडाने युरोपला वेड लावलं, आणि कापसावर छपाई करण्याचा तिथला उद्योग त्या नकलेतून वाढला. नीळही बरीच भारतातून जाई. १८९७ मध्ये जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात आल्यावर ती वाट आटली.

पद्धत अशी. पांढरं सुती कापड उकळून कांजी पूर्ण काढायची, नाहीतर रंग डागाडागांनी चढतो. मग ‘पाप’ नावाचा लेप: पांढरी माती, डिंक आणि मोरचूद. माती व डिंक रंगाला अडवतात, पण खरं काम मोरचुदाचं. कढईतली नीळ विरघळलेल्या, फिकट अवस्थेत असते; मोरचूद तिला धाग्यापर्यंत पोचायच्या आतच परत न विरघळणारी करतो. ठसा पेअरच्या लाकडाचा, आणि बारीक ठिपके-रेघांसाठी त्यात पितळेच्या तारा व पट्ट्या ठोकलेल्या. पितळेच्या तारेइतका बारीक ठिपका लाकडात कोरला तर काही दिवसांत झिजतो. ठशाच्या कोपऱ्यांना दिशेच्या खुणेचे खिळे असतात, त्यांवरून पुढचा ठसा जुळवायचा. खूण केसभर चुकली तर ती चूक थानाच्या शेवटापर्यंत वाढत जाते.

लेप पुरता वाळवायचा, हवेनुसार कित्येक दिवस. मग कापड लोखंडी कड्याच्या आकड्यांना आतून बाहेर असं गोल गोल अडकवायचं, कुठेही दोन घड्या एकमेकींना लागता कामा नयेत. कडं कप्पीवरून जमिनीतल्या खोल कढईत उतरतं. जुनी कढई नीळ, हिराकस आणि चुन्याची. काही मिनिटांनी कडं वर घ्यायचं: कापड पिवळट हिरवं दिसतं आणि हवेत डोळ्यांदेखत निळं होतं. पूर्ण निळं झाल्यावरच पुन्हा बुडवायचं. गडद रंगाला असे अनेक फेरे लागतात. एकदाच जास्त वेळ ठेवून भागत नाही, कारण लेप मऊ होऊन सुटतो आणि रंग वरवर बसून नंतर हाताला लागतो. कडं तळापर्यंत सोडलं तर तळाचा चुन्याचा गाळ उठतो आणि कापडावर ढग उमटतात. शेवटी सौम्य आम्लात बुडवून लेप काढायचा, धुवायचं, खळ द्यायची.

शेवटची पायरी बघायला वेगळ्या खोलीत जावं लागतं. तिथे ‘मांगोर्लो’ आहे: दगडांनी भरलेली प्रचंड लाकडी पेटी, रुळांवरून पुढेमागे सरकणारी, पूर्वी घोड्याने ओढली जाई. रुळांना गुंडाळलेलं कापड त्या वजनाखाली दाबलं जाऊन गुळगुळीत आणि चकचकीत होतं.

दुकानातून कापड घ्यायचं असेल तर घासून बघावं. थोडा निळा रंग बोटाला लागणं हे हाताने रंगवलेल्या कापडाचं लक्षण आहे, दोष नाही. पहिल्या दोन-तीन धुलाया वेगळ्या, थंड पाण्यात, थोडा व्हिनेगर घालून कराव्यात.

शुक्रवार, मेझोकोवेश्द

बुडापेस्टहून मिश्कोल्तच्या बाजूला जाणाऱ्या गाडीने इथे दीड-दोन तासांत पोचता येतं. हे मात्यो या हंगेरियन लोकसमूहाचं गाव, आणि हंगेरीचं सगळ्यात भडक, सगळ्यात भरगच्च भरतकाम इथलं. २०१२ मध्ये तेही युनेस्कोच्या यादीत गेलं. मात्यो संग्रहालय आधी, मग हदश भागातली बसकी, पांढरी, गवताच्या छपरांची घरं. त्यांतल्या काहींत कारागीर काम करताना दिसतात.

पोशाखाइतकीच त्यामागची गरिबीही इथे समजून घ्यावी. जमीन थोडी आणि माणसं फार, म्हणून लोक टोळ्यांनी वसंत ते शरद सहा महिने मोठ्या जमीनदारांकडे करारावर मजुरीला जात. मजुरीचा बराच भाग धान्य आणि मांसाच्या रूपात. हिवाळ्यात हाती पैसा नाही, वेळ मात्र आहे, अशा घरांत हे भरतकाम वाढलं. पोट गुरगुरलं तरी चालेल पण कपडा चमकला पाहिजे, अशी त्यांची स्वतःची म्हण आहे. सोनेरी-रुपेरी झालरीसाठी लोक कर्ज काढू लागले तेव्हा १९२५ मध्ये चर्चच्या पुढाकाराने त्या झालरी इथे जाहीरपणे जाळल्या गेल्या. संग्रहालयात त्यापूर्वीचे आणि नंतरचे पोशाख बघून फरक लक्षात येतो: धातूची चमक गेली आणि ती सगळी हौस रेशमी धाग्यात आली. तरुण मुलगेही पायघोळ काळे, भरलेले एप्रन घालत, हे बघून अनेकांना आश्चर्य वाटतं.

नमुना काढणारी आणि टाके घालणारी बाई वेगवेगळी असे. किशयांको बोरी (१८७६ ते १९५४) ही या नमुनेकार बायांमधली सर्वांत नावाजलेली. तिचं घर आज संग्रहालय आहे. ती थेट कापडावर नमुना काढे. मोठा गुलाब मधे, मग रिकाम्या जागेत छोटे, मग पानं, आणि शेवटी कुठे पांढरं उरलं नाही असं. हा गुलाबही मुळात कातडी कपडे शिवणाऱ्या कारागिरांच्या भरतकामातून आला आहे.

गावात विकत घेताना कापड उलटं करून बघावं. मशीनच्या कामात मागे एकसारखा, बहुधा पांढरा बॉबिनचा दोरा दिसतो. हाताच्या कामात पुढचाच रंग मागे असतो, धागा एका पाकळीवरून दुसरीकडे उडी मारतो, गाठी लपवलेल्या असतात. भरीव टाक्यात धागे एकमेकांना चिकटून बसलेले हवेत. नखाने बाजूला सारून खालचं कापड दिसलं तर धागा वाचवलेला आहे. पैसे फोरिंटमध्येच जवळ ठेवावे, लहान दुकानांत कार्ड चालेलच असं नाही.

वेळ कमी असेल तर पापा वगळावं, पण स्कान्झेनला पूर्ण दिवस द्यावाच. एक दिवस जास्त असेल तर नोग्राद प्रांतातलं होलोको गाव घ्यावं. १९०९ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली पालोत्स या हंगेरियन लोकसमूहाची घरं तिथे आहेत आणि १९८७ पासून हे गाव जागतिक वारसा यादीत आहे. तिथे थेट बस मोजक्या असल्यामुळे परतीची शेवटची बस आधी ठरवून मगच निघावं.